तिफन, फण आणि फिन: कोवळमच्या लाटांसाठी कोणता संच घेऊ?

समुद्रपूरचा
९ जून, रात्री १०:४०

नमस्कार. प्रश्न सर्फिंगच्या फळीखाली लावायच्या फिनचा, म्हणजे पात्यांचा, आहे आणि लांब आहे. अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवट येतं, म्हणून सगळं लिहून राहिलो.

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातला. तालुक्याच्या नावात समुद्र आहे, पण खरा समुद्र मी बाविसाव्या वर्षी पाहिला. आयटीआयला फिटर केलं आणि चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. पहिलं वर्ष रविवार म्हणजे कपडे धुणं आणि झोप. मग एकदा खोलीवरच्या पोरांनी कोवळमला नेलं. केरळातलं कोवळम नाही, चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर चाळीसेक किलोमीटरवरचं. तिथे कोळ्यांची दहा-बारा वर्षांची पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून किनाऱ्यापर्यंत येत होती. मी पोहायला शिकलो आमच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. त्या दिवशी वाळूवर तीन तास उभा राहिलो आणि पुढच्या रविवारी नाव नोंदवलं.

आता तिसरं वर्ष चालू आहे. मध्ये जुना बोर्ड, म्हणजे फळी, विकत घेतला: ७ फूट २ इंच, शेपटी गोल, तीन फिनची जागा, पण फिन नव्हते. माझं वजन ६८ किलो, डावा पाय पुढे. लाटेवर उभा राहतो, उजवीकडे जाणारी लाट बऱ्यापैकी धरतो, लाटेच्या पायथ्याशी खालचं वळण घेतो. वर जाऊन फळी परत खाली वळवणं दहात तीनदा जमते.

अडचण १. बोर्डात प्रत्येक फिनसाठी दोन-दोन छोटे खाचे आहेत आणि प्रत्येकात एक बारीक स्क्रू. एका विक्रेत्याने फोटो पाहून सांगितलं की "कोणत्याही बोर्डाला बसतात", म्हणून २,८०० रुपयांचा जुना संच मागवला. आला तर त्यातल्या फिनचा खाच्यात बसणारा पुढचा खुंट आखूड आणि मागचा लांब. बसतच नाही. पैसे परत मिळाले नाहीत. सध्या सर्फ स्कूलने दिलेले प्लास्टिकचे फिन वापरतो. त्यातला मधला आखूड आहे आणि खडकावर घासून त्याची धार गेली आहे.

अडचण २, आणि खरी हीच. मे महिन्यात कमरेएवढ्या मऊ लाटा होत्या. उभा राहिलो की दोन सेकंदांत फळी बसून जायची, जशी ओल्या रानात गाडी रुतते. उलट मागच्या सप्टेंबरात छातीपासून डोक्याएवढी लाट होती, पॉइंटवर, म्हणजे किनाऱ्याचं टोक पुढे येतं तिथे, उजवीकडे जाणाऱ्या लाटेची लांब भिंत. तेव्हा वेग भरपूर होता, पण खालचं वळण घेताना मागचा भाग सटकायचा. मी बाजूला पडायचो आणि फळी पुढे निघून जायची. तेच फिन, तोच माणूस. फिन बदलून यातलं किती सुधारते आणि माझ्या पायात किती खोट आहे, हे मला कळत नाही.

सध्या सुट्टी टाकून पेरणीसाठी घरी आलो आहे. मृग लागला, पण पाऊस नाही. बाबांनी तिफन, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं औजार, अंगणात काढून ठेवली आहे, फणांच्या पाचरी ठोकून राहिले. मी बॅगेतून फिन काढून खाटेवर ठेवले होते. बाबांनी एक हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली आणि म्हणाले, "हे तं फणच हाय. तीन हाय म्हणजे तिफनच झाली." आणि लगेच विचारलं, "जमीन कोन्ती हाय तिकडची?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरी काळ्या भारी रानात आणि टेकडीखालच्या हलक्या बरडात एकच औजार एकाच पद्धतीने कोणी लावत नाही. मी मात्र तीन वर्षं लाट न पाहता हाती आले ते फिन लावत आलो.

तर विचारायचं हे: एकच संच घेऊ की दोन? आकार कोणता? नायलॉन की फायबरग्लास? खर्च ६,००० च्या आत ठेवायचा आहे. आणि मधला फिन गावच्या सुताराकडून लाकडाचा करून घेता येईल का?

---

दारव्हा_ते_मुलकी
९ जून, रात्री ११:५५

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्ह्याचा. नऊ वर्षांपासून मंगळूर बाजूला आहे, मुलकीला शांभवी नदीच्या मुखाशी सर्फ करतो. सध्या पावसाळ्यामुळे इकडचा समुद्र खवळलेला, पाण्यात उतरणं बंद, म्हणून सावकाश लिहितो.

आधी खाचे. तू सांगतोस ते दोन खाचे आणि दोन स्क्रू म्हणजे एफसीएस या फिनच्या कंपनीची जुनी पद्धत. तुला मिळालेला संच एफसीएस टू दिसतो. तो स्क्रूशिवाय दाबून बसवायचा असतो आणि जुन्या खाच्यात जात नाही. उलटं चालतं: जुने फिन नव्या खाच्यात छोटे तुकडे घालून बसवता येतात. तिसरी पद्धत फ्युचर्स या दुसऱ्या कंपनीची, एकच लांब खुंट आणि पुढच्या टोकाला एक स्क्रू. विकत घेताना "जुना एफसीएस, दोन खुंटांचा" असं स्पष्ट विचार आणि खुंटांचा फोटो माग. आलेल्या फिनचे खुंट कानस लावून बसवू नकोस. तू फिटर आहेस, हात शिवशिवतील. पण सैल बसलेला फिन एखाद्या लाटेत खाचाच उपटून नेतो, आणि त्याची दुरुस्ती संचापेक्षा महाग पडते.

आता बाबांचा प्रश्न, कारण तोच बरोबर आहे. फिनमध्ये पाहायच्या गोष्टी तशा बऱ्याच, पण तुझ्यासाठी चार पुरे.

बुडाची लांबी, म्हणजे फिन बोर्डाला जिथे चिकटतो ती बाजू. बूड लांब असेल तर पायाने दाबल्यावर फळी पुढे ढकलली जाते, वेग धरते.

खोली. खोल फिन पाणी घट्ट धरतो, पण ओढही वाढवतो. तिफनीचंच घे. फण खोल गेला की ओळ हलत नाही, पण बैलांच्या मानेवर भार येतो. समुद्रात बैल म्हणजे लाट. मऊ लाटेकडे ताकद कमी, तिला खोल फण ओढायला लावलास तर ती थांबणारच. तुझी मे महिन्यातली तक्रार अर्धी इथे आहे. उरलेली अर्धी पायात आहे, त्यावर शेवटी बोलतो.

मागे झुकाव. फिनचं टोक बुडाच्या किती मागे जातं ते बघ. सरळ उभा फिन जागच्या जागी चटकन वळतो. मागे झुकलेला फिन लांब, ताणलेलं वळण देतो आणि वेगात भरवशाचा राहतो. म्हणून वाळूच्या तळावर फुटणाऱ्या, आखूड, पटकन मोडणाऱ्या लाटेला उभा फिन, आणि तुझ्या कोवळमच्या पॉइंटसारख्या लांब भिंतीला झुकलेला.

चौथी गोष्ट लवचीकपणा. प्लास्टिकचा फिन टोकाशी जास्त वाकतो. शिकताना ते बरं, चूक झाली तरी सांभाळून घेतो. पण लाट मोठी आणि वेग जास्त झाला की वाकलेलं टोक पाणी सोडतं आणि शेपटी सटकते. सप्टेंबरात तुझं बहुतेक हेच झालं: मऊ प्लास्टिक, त्यात मधला आखूड, वर त्याची धार गेलेली.

आकार वजनावर ठरतो. एफसीएसच्या मापात एस म्हणजे ५५ ते ७० किलो, एम म्हणजे ६५ ते ८०, एल म्हणजे ७५ ते ९०. तू ६८, म्हणजे एस आणि एम दोन्हीत बसतोस. पण तुझी फळी सात फुटांच्या वर आहे. मोठ्या फळीला फिनही थोडा मोठा लागतो. डोळे मिटून एम घे, मध्यम झुकावाचा, फायबरग्लासचा, तीनचा एकच संच. जुना वापरलेला मिळाला तर तुझ्या पैशांत बसेल. दुसरा संच आत्ता नको.

आणि पायाची गोष्ट. मऊ लाटेवर पुढचा पाय चार बोटं पुढे टाकून बघ. मागच्या पायावर वजन ठेवलं की शेपटी खाली बसते आणि फळी नांगरासारखी पाणी उकरत जाते. हे कोणताही फिन सुधारणार नाही.

---

अकोट_संत्रा
१० जून, सकाळी ७:१०

पेरणी तोंडावर, बियाण्या-खताचा खर्च डोक्यावर, आणि सहा हजार फिनवर? वाईट वाटून घेऊ नका, मनात आलं ते विचारलं.

---

समुद्रपूरचा
१० जून, सकाळी ७:४५

वाईट नाही वाटलं. बियाण्याचे पैसे मे महिन्यातच बाबांना दिले. हे सहा हजार ओव्हरटाइमचे, सात महिन्यांत बाजूला टाकलेले. आठवड्यातले सहा दिवस मी मशीनसमोर उभा असतो, आणि पाण्यातल्या त्या दोन तासांमुळे बाकीचे सहा दिवस जातात. घरून लांब राहणाऱ्या माणसाला असं काही लागतं. बाबांना हे मी सांगितलं आहे, त्यांना पटलं आहे.

दारव्हेकर दादा, खूप आभार. रात्रीच विहिरीवर जाऊन प्लास्टिकचा फिन पाण्यात फिरवून पाहिला. सरळ ओढला तर हलका जातो, थोडा तिरपा धरला की मनगटाला झटका बसतो. तीन वर्षं पायाखाली होता, पण ही ओढ हाताला पहिल्यांदा कळली.

एक विचारू? तीनच का? चार फिनचे बोर्डही मी पाहिले आहेत, दोनचेही.

---

गोंदियाची_विशाखापट्टणमात
१० जून, दुपारी २:२०

दादा, मी गोंदियाची, विशाखापट्टणमला नर्स आहे. समता एक्सप्रेसने येणं-जाणं. ऋषिकोंड्याला सर्फ करते, पाच वर्षं झाली. वजन ५४, एस वापरते. अनुभव दारव्हेकर दादांपेक्षा कमी, पण चुका सगळ्या करून झाल्या आहेत, त्या सांगते.

दोन फिनचा बोर्ड मी हौसेने घेतला होता. मधला फिन नाही म्हणजे मागची ओढ नाही. कमरेएवढ्या लाटेवर तो असा सरसर पळतो की पहिल्या दिवशी मला वाटलं आता दुसरं काही नकोच. पुढच्याच महिन्यात लाट उभी आणि जोरकस झाली. वळताना शेपटी दरवेळी निघून जायची आणि मी लाटेच्या पायथ्याशी पाठीवर. मार्क रिचर्ड्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने दोन फिनवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं जगज्जेतेपद जिंकलं, म्हणजे दोष फिनचा नव्हता. माझ्या पायात ते कसब नव्हतं.

तीन फिन त्यातूनच आले. सायमन अँडरसन, तोही ऑस्ट्रेलियाचा, अंगाने आडदांड. दोन फिन त्याच्या वजनाखाली सटकायचे. त्याने १९८० मध्ये बाजूच्या दोनांच्या मागे मधोमध तिसरा, जवळपास त्याच आकाराचा लावला. पुढच्या वर्षी बेल्स बीचच्या स्पर्धेत लाटा प्रचंड होत्या आणि तिथे तो तोच बोर्ड घेऊन जिंकला. तेव्हापासून जगभर बहुतेक लोक तीनच लावतात.

चार फिन मला स्वतःला मऊ लाटेवरही आवडतात आणि पोकळ, भिंतीसारख्या लाटेवरही, कारण मध्ये ओढ नाही आणि लाटेत रुतलेल्या बाजूला दोन-दोन फिन धरून असतात. पण चारच्या फळीला वळवायला पाय वेगळा लावावा लागतो आणि तुमच्या बोर्डात चारचे खाचेच नाहीत. तो विचार सोडा.

एका गोष्टीवर मात्र मी दादांशी थोडी असहमत आहे. दुसरा संच नको हे बरोबर, पण मधला एक छोटा फिन जवळ ठेवा. बाजूचे दोन तेच ठेवायचे, फक्त मधला बदलायचा. मऊ लाटेला छोटा, जोरकस लाटेला पूर्ण मापाचा. मधला लहान झाला की शेपटी मोकळी होते आणि ओढ घटते. वाळूवर बसून दोन स्क्रूंचं काम आहे.

आणि एका दिवशी एकच गोष्ट बदला. मी एकदा फिन, पाय घसरू नये म्हणून फळीला लावायचं मेण आणि उभं राहण्याची जागा तिन्ही एकदम बदललं. दिवस चांगला गेला, पण कशामुळे ते आजपर्यंत कळलं नाही.

---

हिंगणघाट_सुतारकाम
११ जून, रात्री ९:०५

माह्या नातवानं हे सारं वाचून दाखवलं, थोच टाइप करून राहिला. मी समुद्र पाह्यला नाही. पन तिफनी, वखर, डवरे चाळीस वर्सं केले, म्हनून दोन गोष्टी सांगतो.

तुह्या बापानं बरोबर वळखलं बापू. तिफनीचा फण मी बाभळीचा करतो. तीन फणांत मधला जरासाक इकडंतिकडं झाला तं तिफन सरळ चालत नाही. रुमन्यावरचा, म्हंजे तिफनीच्या मुठीवरचा, मानूस दिवसभर एका बाजूनं जोर लावते आन् त्याले वाटते बैल वाकडे चालून रायले. तुह्या मधल्या फणाची धार एकाच बाजूनं गेली असन तं थेही असंच करन. पाह्य आधी, दोन्ही बाजू सारख्या हाय का.

लाकडाचा होते का म्हनशीन तं होते. पन लाकडाची शीर बुडापासून टोकाकडं गेली पायजे. आडवी शीर ठेवली तं पह्यल्याच दनक्यात बुडातून तुटन. सागवान पान्यात टिकते, पन सागाले तेल असते, त्याच्यावर चिकटवलेलं लवकर सुटते. आन् तू म्हनतो थे खुंट लय बारीक दिसते. तेवढ्या बारक्या लाकडावर मी भरवसा ठेवनार नाही.

घेऊन ये मोडका फण. पाहू काय करता येते.

---

दारव्हा_ते_मुलकी
१२ जून, सकाळी ८:३०

काका, तुम्ही समुद्र न पाहता जे सांगितलंत ते मला कळायला दोन मोसम गेले.

खुंटाचं अगदी बरोबर. पूर्वीचे फिन लाकडाचेच असत आणि फळीलाच कायमचे जोडलेले असत. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने एका जुन्या स्पीडबोटीची पट्टी काढून आपल्या फळीखाली लावली. त्याआधी फळीला फिन नव्हताच, लोक पाय पाण्यात घालून वळवायचे. कायमच्या जोडलेल्या फिनला लाकूड चालतं. दोन खुंटांच्या फिनला चालत नाही. चालवायचं तर खुंटासकट वरून काचेचं कापड आणि इपॉक्सीचे थर द्यावे लागतात.

काकांसाठी एक युक्ती सांगतो, त्यांना आवडेल. फिन हाताने घडवणारे लोक प्लायवूड घेतात. घासत गेलं की थरांच्या रेषा उघड्या पडतात, जशा नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा. त्या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या वळल्या तर घडण सारखी झाली. मधल्या फिनला दोन्हीकडे सारखा फुगवटा असतो. बाजूच्या फिनला फक्त बाहेरच्या अंगाला, आतलं अंग सपाट. पुढची धार गोलसर, मागची पातळ. मागची धार सुरीसारखी करू नका, पाय कापतो.

ताई, मधल्या छोट्या फिनचं मान्य. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

समुद्रपूरचा
१६ जून, रात्री १०:१५

काल हिंगणघाटला काकांकडे जाऊन आलो. मोंढ्यात काम होतं, तिथून गेलो.

काकांनी फिन उजेडाकडे धरला आणि म्हणाले, डावीकडून जास्त गेली. मी व्हर्नियर नेला होता. मोजलं, तर मागच्या धारेजवळ मधल्या रेषेपासून डावीकडे ०.६ मिलिमीटर कमी भरलं. त्यांनी डोळ्याने सांगितलं ते मी यंत्राने पाहिलं. मग त्यांनी फिन लाकडी शिकंजात धरून उजवी बाजू हळूहळू उतरवायला लावली. हात माझा, नजर त्यांची. आधी २२०चा घासायचा कागद, मग ४००चा पाणी लावून. मध्येच थांबवून डोळे मिटायला लावायचे आणि दोन बोटांत धरून बुडापासून टोकापर्यंत ओढायला सांगायचे. कुठे उंचवटा आहे ते बोटाला डोळ्याआधी कळतं. तीन तास गेले. फिन मुळात आखूड होताच, आता अजून थोडा आखूड आणि पातळ झाला. ताईंनी सांगितलेला मधला छोटा फिन मला असा मिळाला. काकांनी पैसे घेतले नाहीत.

प्लायवूडचाही एक घडवायला घेतला आहे, फक्त आकार समजावा म्हणून. थरांच्या रेषा खरंच नकाशासारख्या दिसतात. काकांनी तो भिंतीवर टांगून ठेवला.

दुसरीकडे, एम मापाचा फायबरग्लासचा संच मिळाला, जुना, ४,५०० ला. विक्रेत्याकडून खुंटांचा फोटो मागवला, फुटपट्टी शेजारी ठेवून. दोन खुंट, दोन्ही सारखे. पत्ता ओरगडमचा दिला आहे.

आज दुपारी तासभर पाऊस पडला. बाबांनी रानात जाऊन माती मुठीत दाबून पाहिली, म्हणे अजून नाही, अजून एक पाणी पाहिजे.

---

गोंदियाची_विशाखापट्टणमात
१७ जून, सकाळी ६:५०

खूप छान वाटलं वाचून. एक आठवण करून देते. फिन लावायच्या आधी खाच्यातली वाळू गोड्या पाण्याने धुवा आणि फुंकून काढा. वाळूसकट स्क्रू फिरवला की त्याचं तोंड गोल होतं आणि मग तो निघत नाही. स्क्रूची किल्ली दोन ठेवा, एक बॅगेत, एक गाडीच्या चावीला. फिन बसला की अंगठ्याने हलवून बघा, हलला नाही की थांबा. त्यापुढे जोर लावला तर खाचा तडकतो.

---

समुद्रपूरचा
२१ जुलै, रात्री ८:३०

ज्यांनी वेळ देऊन लिहिलं त्यांना काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

पेरणी २६ जूनला झाली. कपाशी आणि सोयाबीन, कपाशीत तुरीच्या ओळी. मी तिफनीवर दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी बल्लारशाहून गाडी धरली.

पहिले दोन रविवार धड लाट नव्हती. कालच्या शनिवारी सेकंड शिफ्ट सुटली आणि आज पहाटे साडेचारला मोटरसायकलने निघालो. पावणेसहाला किनाऱ्यावर. वारा जमिनीकडून, पाणी काचेसारखं, लाट कमरेएवढी. बाजूला नवे दोन, मध्ये काकांकडचा छोटा. ताई म्हणाल्या तसं बाकी काहीच बदललं नाही, मेणसुद्धा तेच. फक्त उभं राहण्यात एक बदल आधीच केला होता: दारव्हेकर दादांनी सांगितलेला, पुढचा पाय चार बोटं पुढे. तो मागच्या दोन रविवारी बारक्या लाटांवर घोटून घेतला होता, म्हणून आज त्याची भर वेगळी ओळखता आली.

तिसऱ्या लाटेवर फरक कळला. जिथे फळी बसून जायची तिथे ती बसली नाही, सरकत राहिली. वळवायला जोर लागला नाही, नजर फिरवली तशी शेपटी फिरली. एका लाटेवर तीन वळणं झाली. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

साडेसातनंतर लाट वाढली. दोन लाटांमधलं अंतर वाढत गेलं, एकेक लाट पॉइंटवरून छातीएवढी येऊ लागली. छोटा फिन मी मुद्दाम ठेवला. दुसऱ्याच लाटेवर खालचं वळण घेताना शेपटी सटकली, अगदी मागच्या सप्टेंबरासारखी. बाहेर आलो. वाळूवर बसून खाचा धुतला, मधला काढून पूर्ण मापाचा लावला, अंगठ्याने हलवून पाहिला. पाच मिनिटं लागली.

मग जी लाट मिळाली ती सांगतो. भिंत लांब होती. खाली उतरलो, मागच्या पायावर भार दिला, आणि फळीने पाणी धरलं. सटकेल म्हणून माझं अंग आधीच आखडलं होतं, पण ती धरूनच राहिली. तिफनीवर असताना फण ओलीत बसतो आणि रुमणं हातात एकदम शांत होतं, तसं पायाखाली झालं. वर गेलो, वळलो, परत खाली. शेवटी गुडघाभर पाण्यात उतरलो तेव्हा तिथली कोळ्याची दोन पोरं टाळ्या वाजवत होती. त्यातल्या मोठ्याने मला पहिल्या वर्षी उभं राहायला शिकवलं होतं.

नऊ वाजता समुद्राकडून वारा सुरू झाला, पाणी खडबडीत झालं. तेव्हा मात्र दोन्ही फिननी सारखाच त्रास दिला. त्यावर फिन बदलून काही होत नाही असं दिसते. बाकीच्यांसारखा मीही बाहेर आलो.

बाबांना फोन केला. म्हणालो, जमीन एक नाही, सकाळी बरड होती आणि दोन तासांनी भारी काळी झाली. ते म्हणाले, "मंग मधला फण बदलला का?" म्हटलं, हो, बदलला. म्हणे बरं केलं, आणि डवरणीचं बोलू लागले.

हिंगणघाटच्या काकांसाठी: पोळ्याला घरी येऊन राहिलो. स्कूलमधल्या पोरांचे अजून चार फिन आहेत धार गेलेले, ते सोबत आणतो. दोन उजवीकडून गेले आहेत, एक टोकाशी चिरला आहे. चौथ्याचं काय झालं ते मला मोजूनही कळलं नाही, तो तुम्ही आधी पाहा.